दहावीच्या बाकाचा निकाल केजीत: विदर्भातल्या मिशन शाळांच्या प्रवेशामागची गोष्ट

आमच्या विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा सिस्टरांशी काही संबंध उरलेला नाही. किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेऊन कोणी केजी-वन, केजी-टू सुरू केलं की तेही कॉन्व्हेंटच. ‘पोट्टं कॉन्व्हेंटले टाकलं’ याचा अर्थ एवढाच, की लेकरू खासगी इंग्रजी शाळेत घातलं. जिथं आवारात चर्च आहे, मागं सिस्टरांचं घर आहे, तिला लोक ‘मिशनची शाळा’ किंवा ‘सिस्टरची शाळा’ म्हणतात. आणि दर वर्षी तिच्याबद्दल तोच प्रश्न येतो: हे घेतात कोणाला, आणि कशाच्या आधारावर?

मला हा प्रश्न 2014 च्या जूनमध्ये घरातच पडला. माझ्या ताईच्या मुलीला तालुक्याच्या एका मिशन शाळेत केजीसाठी नेलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला, रेशन कार्ड, जातीचा दाखला, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. आतल्या बाईंनी ताईशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. ताई म्हणाली, “मॅडम, मले इंग्रजी नाही येत जी, पण पोरीले शिकवाचं आहे.” यादीत नाव आलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि ताईनं विचारलंही नाही. बसस्टँडवर तिनं त्या झेरॉक्स पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवल्या, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर मी या प्रवेशाच्या मागे लागलो. शाळेच्या फाटकावर जी यादी लागते, तिच्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समधल्या अ‍ॅनेसी गावचे, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संस्थेचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कामठीची छावणी आणि नागपूर या भागात आले. त्यांच्या शहरी इंग्रजी शाळा मुख्यतः गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी होत्या. 1887 मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, झाला. खेड्यातलं काम वेगळं होतं. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळला, आणि मिशनच्या दारात अनाथ मुलं येऊ लागली. चिखलदऱ्याजवळचं मरियमपूर, कोरकू आदिवासींच्या मुलखातलं, अशाच मिशनकामातून उभं राहिलं. तिथं शाळा म्हणजे आधी भाकर आणि निवारा, मग पाटी. फादर गावोगाव फिरून मुलं मागत, आणि आई-बाप धर्म बुडेल या भीतीनं ती द्यायला कचरत.

सरकारचा पैसाही तेव्हापासून आहे. 1854 च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना अनुदान द्यायचं तत्त्व घातलं, मिशनच्या शाळाही त्यात आल्या. अट अशी, की सरकारी तपासनीस येतील आणि धर्मशिक्षणाकडे न बघता शालेय विषय किती चांगले शिकवले ते बघतील. पैसा सरकारचा, कारभार मिशनचा ही जोडी तिथं जमली. पुढचे बहुतेक वाद याच जोडीतून निघाले आहेत.

पूर्व विदर्भाचा अध्याय उशिरा उघडला. 1962 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चचं मिशन क्षेत्र नेमलं गेलं आणि तिथले सीएमआय या संस्थेचे धर्मगुरू आले. 1977 मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. या मंडळींची परंपरा शाळेचीच: त्यांच्या संस्थापकांपैकी एक, कुरियाकोस चावरा यांनी 1846 मध्ये केरळात मान्नानम इथं संस्कृत शाळा काढली आणि तिथं जात न पाहता मुलं घेतली. चांद्याकडे कोळसा खाणी होत्या, बल्लारपूरची पेपर मिल होती, पुढं वीज केंद्र आलं, भद्रावतीला आयुध निर्माणी आली. बदलीवर आलेल्या कुटुंबांना इंग्रजी शाळा हवी होती, त्यांत केरळचे कॅथलिकही होते. त्या शाळांची पहिली मुलं क्वार्टरमधली. शेजारच्या खेड्यांतली मागून आली, आणि आली ती झुंडीनं.

इथं मुलं मागत फिरणारी शाळा संपली आणि निवड करणारी सुरू झाली. निवड आली की नियम लागतो.

नियम राज्यघटनेत आहे, पण दोन तोंडांचा. कलम 30(1) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम 29(2) सांगतं, की सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. मग मदत घेणाऱ्या कॅथलिक शाळेनं कॅथलिक मुलाला आधी घेतलं, तर ते पहिल्या कलमाचं पालन की दुसऱ्याचा भंग?

1958 मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की बाहेरच्या मुलांचा थोडा शिडकावा झाला म्हणून संस्था अल्पसंख्याक उरत नाही असं नाही. 1991 च्या अखेरीस दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात आकडा पडला: मदत घेणाऱ्या अल्पसंख्याक संस्थेला आपल्या समाजासाठी पन्नास टक्क्यांपर्यंत जागा राखता येतील, उरलेल्या गुणवत्तेवर. 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं तो ठोक आकडा सोडला आणि संस्था कोणत्या प्रकारची, त्या भागाची गरज काय, यावरून प्रमाण ठरावं असं सांगितलं. अल्पसंख्याक कोण हेही राज्यनिहाय बघायचं ठरलं.

हा शिडकावा मात्र विदर्भाच्या खेड्यात उलटा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून कमी, 0.96 टक्के, आणि तेही मुंबई-वसई-पुण्याकडे एकवटलेले. आमच्याकडच्या वर्गात कॅथलिक मुलं बोटांवर मोजावीत, शिडकावा त्यांचाच. देशपातळीवरही तसंच. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021 च्या अहवालात ख्रिस्ती शाळांमधली 74.01 टक्के मुलं ख्रिस्ती नसलेली निघाली. म्हणजे कॅथलिक मुलाला आधी घेण्याचा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरांची चिठ्ठी बघण्याचा भाग आमच्याकडे पहिल्या दहा मिनिटांत संपतो. चर्चच्या धोरणातही, अगदी भारतीय बिशपांच्या 2007 च्या शिक्षण धोरणातही, कॅथलिकांइतकाच गरीब, दलित, आदिवासी मुलांचा विचार आधी व्हावा असं आहे. कस लागतो तो पुढं, उरलेल्या भरगच्च रांगेत.

तिथं काय बघतात? आधी भावंडं: थोरला आत असेल तर धाकटीला जागा. मग कर्मचाऱ्यांची मुलं, माजी विद्यार्थ्यांची. मग ऑटो किंवा व्हॅन गावापर्यंत येते का, फी झेपेल का, आणि शेवटी चाचणी किंवा आई-बापांशी बोलणं. यातली एकही गोष्ट दिसायला वाईट नाही. पण आधीच आत असलेल्या घराचंच लेकरू आत जाईल अशी ती रचली गेली आहे, आणि हे मला मनापासून खटकतं.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 13 नं प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची गाळणी लावायला बंदी केली: पहिल्यांदा पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. खासगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना आल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा यातून बाहेर काढल्या. 6 मे 2014 च्या प्रमती निकालानं अनुदानित असोत की विनाअनुदानित, सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असं ठरवलं. ताई झेरॉक्स घेऊन गेली ती त्यानंतर महिन्याभरात. तशीही कायद्यातली ‘बालक’ ही व्याख्या सहा ते चौदा वर्षांची, त्यामुळे केजीच्या दारातली गाळणी तिच्या पट्ट्यात नीट कधी आलीच नव्हती.

माध्यमिक शाळेच्या प्रवेशाचा खरा निर्णय या केजीच्या दारातच होतो. इंग्रजी शाळेची तुकडी एकदा केजीत भरली की ती दहावीपर्यंत सरकत जाते. मधे जागा निघते ती कोणाच्या वडिलांची खाणीतून बदली झाली आणि टीसी गेली तेव्हा. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात, म्हणून खेड्यातलं पोर पाचवीत किंवा आठवीत दार ठोठावतं. त्याला सांगतात: जागा दोन, चाचणी इंग्रजी आणि गणिताची. सात वर्षं मराठीत शिकलेल्या मुलाला त्या चाचणीत फारसं काही करता येत नाही. सेमी इंग्रजीनं हे अंतर थोडं कमी झालं, मिटलं नाही.

पुष्कळ ठिकाणी त्याच आवारात दुसरं दार असतं: मिशनची जुनी, अनुदानित मराठी शाळा. तिथं आज गाळणी नाही. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, म्हणून येईल त्या मुलाला घेतात. कार्यालयातल्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टरं असतात, कापडी बांधणीची, कडा वाळवीनं खाल्लेली. जात पडताळणीसाठी लोक आजोबांची नोंद शोधत तिथं येतात. अशा एका रजिस्टरात मी पानं उलटली आहेत. बापाचा धंदा या रकान्यात एकाखाली एक ‘मजुरी’, ‘मजुरी’, ‘शेतमजुरी’ लिहिलेलं, आणि जातीच्या रकान्यात गावातल्या झाडून सगळ्या जाती. ही शाळा कोणासाठी उघडली होती ते त्या दोन रकान्यांत वाचता येतं.

1 सप्टेंबर 2025 रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठानं प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. ते प्रकरणही महाराष्ट्रातल्या एका अल्पसंख्याक संस्थेचंच होतं, शिक्षकांच्या टीईटीवरून, म्हणजे पात्रता परीक्षेवरून, निघालेलं. मोठ्या पीठानं निकाल फिरवला तर पंचवीस टक्क्यांची लॉटरी आणि गाळणीवरची बंदी मिशनच्या इंग्रजी शाळांतही येऊ शकते. चर्चच्या संस्था स्वायत्तता जाईल म्हणून काळजीत आहेत, आणि ती काळजी खोटी नाही. कलम 30 हा त्यांचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे. पण तो हक्क ज्या लेकरांच्या नावानं या मुलखात शे-सव्वाशे वर्षं वापरला गेला, ती लेकरं केजीच्या यादीत मला पुरेशी दिसत नाहीत.

ताईची मुलगी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. 2024 च्या मे महिन्यात, भर दुपारी, मिशनच्या मराठी शाळेतले दोन सर मोटारसायकलवर गावात आले. डोक्याला दुपट्टा, हातात वही. सातवी झालेल्या मुलांची नावं विचारत ते घरोघर फिरले. ताईच्या अंगणात बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, “ताई, पोरीले आमच्याकडं आठवीत टाका. पास काढून देऊ, पुस्तकं आमच्याकडून.” ताईनं आत जाऊन तीच पिशवी आणली. कोणी इंग्रजीत काही विचारलं नाही. मुलगी आता नववीत आहे.