थंड दुधाने अल्सर भरत नाही

"शेंगा चटणी बंद करा, रात्री थंड दूध घ्या, अल्सर आपोआप भरतो," असं सोलापुरात घरोघरी सांगतात. हे खरं नाही. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण अल्सर म्हणजे पोटाच्या आतली जखम, आणि ती बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होते, नाहीतर गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग पोट उलट जास्तच आम्ल सोडतं. तपासणीत जंतू सापडला तर डॉक्टर साधारण १४ दिवस अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देतात. दुखणं थांबलं तरी कोर्स मध्येच सोडू नका. आणि शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर ओवा-जिरं शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.