घडीवर विरलेली चंद्रकळा

संक्रांत आठवड्यावर आली की काळ्या साड्यांची शोधाशोध सुरू होते. दुकानांत काळ्याचे ढीग लागतात, पण हल्ली खरा मान असतो तो ट्रंकेच्या तळाशी आजीचं म्हणून जपलेल्या काळ्या लुगड्याला, म्हणजे चंद्रकळेला. ते बाहेर निघतं, सगळ्यांचे हात त्यावरून फिरतात, आणि नेसायला घेतलं की घडीवर ‘चर्र’ असा बारीक आवाज होतो. त्याच ट्रंकेतलं तितकंच जुनं हिरवं किंवा अंजिरी लुगडं धड असतं. आधी विरतं ते काळंच. याचं कारण रंगात आहे, आणि ते वेळेवर कळलं तर लुगडं वाचवता येतं.

आईची साडी नको वाटते आणि आजीची हवीशी, हेही उगाच नाही. जेम्स लेव्हर या ब्रिटिश वेशभूषा-अभ्यासकाने १९३७ मध्ये फॅशनचं एक वेळापत्रकच मांडलं होतं: चलनातून गेलेला कपडा १० वर्षांनी ओंगळ वाटतो, २० वर्षांनी हास्यास्पद, ३० वर्षांनी गमतीदार, ५० वर्षांनी जुन्या वळणाचा आणि ७० वर्षांनी मोहक. हे मोजून काढलेले आकडे नाहीत, निरीक्षण आहे. पण आपल्या कपाटांना ते चांगलं लागू पडतं. अडचण अशी की कपडा मोहक वाटू लागेपर्यंत जी ५०-७० वर्षं जातात, तेवढ्याच वर्षांत धागा आतून झिजत असतो.

जुना काळा रंग पुष्कळदा लोखंडाचा असे. लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून रंगारी लोहद्राव करत, आणि हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड त्यात बुडवत. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाशी जुळलं की काळाभोर रंग धरतो. पण कापडात राहिलेलं हे लोह गप्प बसत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा यांच्या साथीने ते धाग्याचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवून आणतं, शिवाय रंगासोबत आलेलं आम्ल धाग्याच्या लांब साखळ्या तोडत राहतं. जुन्या भारतीय छिटांमध्ये, म्हणजे नक्षीच्या सुती कापडांत, लाल फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या रेघांच्या जागी मात्र फटी, असं दिसतं ते याचमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गंधकयुक्त काळा रंग बाजारात आला. स्वस्त आणि धुण्याला पक्का, म्हणून सुती कापडात तो खूप वापरला गेला. त्याची खोड वेगळी. रंगातलं सुटं गंधक दमट हवेत हळूहळू सल्फ्युरिक आम्लात बदलतं. लुगडं न वापरता, न धुता ठेवलं की हे आम्ल घडीत साठत जातं. म्हणजे जपून ठेवलेलं लुगडं वापरातल्या लुगड्यापेक्षा आधी फाटू शकतं, आणि ज्या घरात ते सर्वांत जास्त जपलं तिथेच हे घडतं याचं वाईट वाटतं. निळीत पुन्हा पुन्हा बुडवून आणलेला काळपट रंग त्या मानाने निर्धोक, कारण निळीला लोखंड लागत नाही.

म्हणून नेसण्याआधी परीक्षा. लुगडं झटकू नये. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरून त्यावर घडी उलगडावी. चादरीवर काळी भुकटी पडली तर ती धूळ समजून झाडू नका. बहुतेक वेळा तो धागाच असतो. मग एकेक हात कापड खिडकीच्या उजेडासमोर धरावं. घडीच्या रेषेवर उजेडाच्या बारीक चिरा दिसतात. निऱ्यांचा भाग, खांद्याची जागा आणि टाचेखाली येणारा काठ खास बघावा. आतल्या टोकाचा एक धागा बोटभर ओढून दोन्ही हातांत ताणावा. ताण घेऊन तुटला तर ठीक, बोट लागताच सुटला तर नेसणं विसरावं. शेवटी त्याच टोकावर उलट्या बाजूने डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब टाकून आम्लता दाखवणारी पीएच पट्टी मिनिटभर दाबून धरावी. आकडा ४ च्या खाली आला तर कापडात आम्ल साठलंय.

सुती लुगडं ताकदीचं असेल, पण आम्लधर्मी निघालं, तर उपाय साधा: पाणी. आधी रंगाची चाचणी. ओला पांढरा कपडा प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबावा. डाग उतरला तर घरी धुऊ नये. रंग पक्का असेल तर टबात गार पाणी भरून लुगडं मच्छरदाणीच्या जाळीवर पसरून बुडवावं, दहा मिनिटांनी पाणी बदलावं, असं तीन-चारदा. पिळायचं नाही, जाळीसकट उचलायचं: भिजलेल्या सव्वाआठ मीटर कापडाचं वजनच जुन्या धाग्याला पुरे होतं. वाळवणं सावलीत, आडवं.

रेशमाला हा नियम लावू नका. रेशीम म्हणजे प्रथिन. कपड्यांच्या बऱ्याच पावडरी अल्कधर्मी असतात, वर त्यांत प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) असतात. डाग खाणारं विकर रेशीमही खातं. ब्लीच तर रेशीम अक्षरशः विरघळवतं. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ती काळवंडते ती हवेतल्या गंधकामुळे. चिंच किंवा टूथपेस्ट लावून घासली तर चांदीसोबत मुलामाही जातो. काळवंडलेली जर तशीच राहू द्यावी. जुन्या जरीचा तो मंद रंग सुंदरच दिसतो.

चिरा थोड्या असतील तर मागून धुतलेल्या मलमलीचा आधार देऊन रेशमी धाग्याने सैल टाके घालून घेता येतात. इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग मात्र लावू नये. गोंदाचा भाग कडक होतो, सगळा ताण त्याच्या कडेवर जातो आणि पुढची चीर नेमकी तिथेच पडते. विरलेल्या लुगड्याची नऊवारी नेसणंही टाळावं. काष्टा ओढून बसताना मागच्या भागावर सर्वांत जास्त ताण येतो. तयार नऊवारी शिवण्यासाठी ते कापायला तर देऊच नये. कापलेलं परत जोडता येत नाही.

हळदीकुंकवाला बसताना दोन गोष्टी सांभाळाव्या. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्कलीची जोड देऊन लाल केलेलं असतं. त्याचा डाग साबणाने धुतला तर अल्कली वाढून आणखी लालभडक होतो. कोरडं कुंकू आधी मऊ ब्रशने उचलावं, पाणी नंतर. दुसरी गोष्ट हलव्याचे दागिने. साखरेचे काटे जुन्या धाग्यात अडकतात, आणि राहिलेली साखर मुंग्यांना आणि किड्यांना आमंत्रण देते. दागिन्यांखाली मलमलीची पट्टी ठेवावी.

ट्रंक उघडताच साडी दिसण्याआधी आजी आठवते, ती वासामुळे. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस या मधल्या केंद्रामार्गे पुढे जातात. वासाचा संदेश मात्र गंधकंद या मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागातून थेट भावना आणि स्मरण यांच्याशी जोडलेल्या भागांकडे पोचतो. तो वास बहुतेकदा डांबरगोळ्यांचा, म्हणजे नॅफ्थलीनचा असतो. त्याची वाफ ‘जी६पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडू शकते. म्हणून ट्रंकेतल्या लुगड्यात तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. आजीच्या लुगड्याची दुपटीसुद्धा आधी धुऊन, कित्येक दिवस वाऱ्यावर ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावी. डांबरगोळ्या आणि कापूर एकाच ट्रंकेत कधीच नकोत: दोन्ही मिळून वितळतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो.

संक्रांत झाली की लुगडं लगेच घडी घालून ठेवू नये. रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर पसरून घामाचा ओलावा जाऊ द्यावा. मग धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर ते गुंडाळावं. नळी नसेल तर प्रत्येक घडीत मलमलीची वळकटी घालावी, म्हणजे रेषा पडत नाही. कसरीची शंका असेल तर दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नये, नाहीतर गार कापडावर दव धरतं. कोकणात पावसाळ्यात ट्रंक उघडूच नये. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत एकदा सावलीत वारा द्यावा, घडी दोन बोटं सरकवून घालावी, आणि तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी. शाईचं पेन ट्रंकेजवळ आणू नये.