काच ओघळत नाही, वाकतं ते शिसं

काच म्हणजे अतिशय घट्ट द्रव, आणि म्हणून जुन्या इमारतींच्या काचा खालच्या बाजूला जाड झालेल्या दिसतात, हे आपल्यापैकी अनेकांनी बारावीच्या रसायनशास्त्रात वाचलंय. युरोपातली मध्ययुगीन कॅथीड्रल दाखवताना गाइडही हेच ऐकवतात. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेचा जो घटकमेळ आहे, तशीच काच बनवून संशोधकांनी तिचा दाटपणा, म्हणजे वाहायला ती किती विरोध करते, ते तपासलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की नेहमीच्या तापमानाला ही काच शंभर कोटी वर्षांत फार तर १ नॅनोमीटर सरकेल. आपला केसच हजारो नॅनोमीटर जाड असतो. शिवाय काच ओघळत असती, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन सुरया एव्हाना बसकट झाल्या असत्या.

मग जाडी कमी-जास्त का? कारागिरीमुळे. फुंकनळीवर काचेचा फुगा करायचा, तो सळईवर घेऊन गरागरा फिरवायचा, की त्याची थाळी होते. ती मध्ये जाड आणि पुढे पातळ. नाहीतर फुग्याचं लांब नळकांडं करायचं, उभं चिरायचं आणि भट्टीत सपाट करायचं. दोन्हीकडे एकसारखी जाडी हाती लागणं कठीणच. एकाच खिडकीत एखादा तुकडा खाली जाड, तर शेजारचा वर जाड सापडतो. ओघळण्याच्या गोष्टीत या दुसऱ्या तुकड्याचं नाव कोणी काढत नाही! खरं तर याच उंचसखलपणामुळे आणि आतल्या बुडबुड्यांमुळे रंग एका जागी गाढ, तर बोटभर अंतरावर फिका दिसतो. आजच्या सपाट काचेत ती जान नाही.

काचेचा खरा शत्रू तिच्या पोटातच आहे. बाराव्या शतकातला थिओफिलस हा साधू कृती देतो: बीचच्या लाकडाची राख दोन भाग, वाळू एक भाग. राखेतल्या पोटॅशमुळे, म्हणजे पोटॅशियमच्या क्षारामुळे, वाळू कमी तापमानाला वितळते. पण पुढे पावसाचं, दवाचं पाणी तेच पोटॅशियम बाहेर ओढतं. काचेला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन वर जिप्समचा पांढुरका थर चढतो, आणि उजेड अडतो.

फ्रान्समधल्या शार्त्र् कॅथीड्रलमध्ये हे समोरासमोर दिसतं. ११९४ च्या आगीतून पश्चिमेकडच्या तीन खिडक्या वाचल्या. त्यांतली प्रसिद्ध निळी काच कोबाल्टने रंगवलेली, पण राखेऐवजी सोडा वापरून केलेली. ती अजून चकाकते. आगीनंतर, तेराव्या शतकात बसवलेल्या कितीतरी काचा वयाने लहान असूनही जास्त झिजल्या.

आणि खिडकीत खरंच काही वाकत असेल, तर ते शिसं. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात, आणि हा मऊ धातू स्वतःच्या वजनाने, उन्हातान्हाने हळूहळू ढिला पडतो. खिडकीला पोट सुटतं. मग अख्खा पट उतरवून, जुना तुकडा न् तुकडा आपापल्या जागी ठेवून, नव्या शिशात बांधावा लागतो.