डालझेलला आय एक की दोन?

पावसाळ्यात पिवळ्या तेरड्याचा फोटो टाकला आणि खाली त्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स डालझेली लिहिताना इंग्रजीत शेवटी एकच आय (i) लावला, की कोणीतरी हमखास येऊन सांगतं, अहो दोन आय हवेत. मला आधी हा उगाच काढलेला खुसपटपणा वाटायचा, पण भानगड निघाली लॅटिन षष्ठीची.

हे नाव ज्याच्यावरून पडलं तो निकोल डालझेल म्हणजे 1861 साली गिब्सनबरोबर 'बॉम्बे फ्लोरा' हे वनस्पतींचं पुस्तक काढणारा. त्याच्या नावाचं आधी लॅटिन रूप करायचं, डालझेलियस, मग त्याला 'चा' जोडायचा, आणि तिथून तो दुसरा आय येतो. नाव व्यंजनावर संपलं तर दोन आय, स्वरावर, वायवर किंवा ईआरवर संपलं तर एकच, म्हणून सापकांद्याच्या शास्त्रीय नावातला मरे आणि एका कंदीलपुष्पाच्या नावातले महाबळे एका आयवर भागतात. बाई असेल तर शेवट वेगळा, नूरजहानच्या नावाच्या कंदीलपुष्पाला आय-ए-ई लागतं. खरी गंमत 'आ'वर संपणाऱ्या नावांची, तिथे पुरुषालाही नुसता ई लागतो आणि शेवट बाईसारखा ए-ई दिसतो, त्यामुळे क्लोरोफायटम भरुचे हे एका वनस्पतीचं नाव वाचून मी कित्येक दिवस कोणी भरुचाबाई असतील असं धरून चाललो होतो, निघाले प्रोफेसर साहेब!

वनस्पतींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम 1867 ला पॅरिसच्या परिषदेपासून सुरू झाले. शेवट कसा लावायचा ही आधी नुसती शिफारस होती, पुढे चुकीचा शेवट दुरुस्त करायचाच असा नियम झाला, तोही मागच्या सगळ्या नावांना लागू. नाव देणारा तोच, साल तेच, फक्त अक्षर बदलतं. प्राणीवाल्यांकडे उलट, तिथे मूळ लेखकाने एक आय लावला असेल तर तो तसाच राहतो, म्हणून दोन्हीकडे फिरणाऱ्यांचा गोंधळ ठरलेला.

माणसाचं मूळ नावच वेगळं छापलं गेलं तर मात्र प्रकरण इतकं सोपं नाही. बोगनवेल घ्या, कॉमर्सन या वनस्पतीशास्त्रज्ञाने गोळा केली, दर्यावर्दी बूगनव्हीलचं नाव दिलं, आणि 1789 मध्ये जुसिअ या दुसऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाने छापताना स्पेलिंग बुगिनव्हिलिया असं केलं. आपण आज शास्त्रीय नावात लिहितो ते बूगनव्हीलच्या नावाशी जुळणारं स्पेलिंग नंतर खास ठराव करून राखून ठेवलंय.

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीटवरचं लेबल मात्र कोणी खोडत नाही, एक आय असला तरी. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात, सही आणि तारीख टाकून.