‘जाणती’ कुठून आली : वऱ्हाडातल्या एका फँटसी कादंबरीची पार्श्वभूमी

माझ्या कादंबरीतल्या म्हातारीला ‘चेटकीण’ का म्हटलं नाही, असं वाचक विचारतात. त्याचं उत्तर एका वाक्यात होत नाही. तिचं नाव ‘जाणती’ ठरेपर्यंत दोन वर्षं गेली. ही पार्श्वभूमी त्या नावाची आहे, आणि ओघानं अंजनगाव-सुर्जीकडे संत्र्याच्या वावरात बसून फँटसी लिहिणं कसं चालतं त्याचीही.

या मुलखाला अद्भुत नवं नाही. वाकाटकांपैकी एका राजानं, वानरांनी समुद्रावर बांधलेल्या सेतूवर महाराष्ट्री प्राकृतात अख्खं काव्य लिहिलं. तेराव्या शतकात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात लीळाचरित्र आकाराला आलं. कावळ्याचं घर शेणाचं ही आपण लेकरांना सांगतो ती गोष्ट त्यात आहे. पुढं महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवल्या आणि विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना त्या वाचता आल्या नाहीत. गुप्त लिपीतली पोथी हे फँटसीतलं ठरीव सामान मानलं जातं. आमच्याकडं ती माझ्या गावापासून बसनं अर्ध्या दिवसात पोचता येईल अशा ठिकाणी खरोखर होती.

छापील कादंबरीही सुरुवातीच्या काळात बरीचशी अद्भुताच्याच अंगानं गेली. ‘मुक्तामाला’ 1861 ची, ‘मंजुघोषा’ 1868 ची. पण नंतर वास्तववादी कादंबरी आली आणि ‘अद्भुतरम्य’ हा शब्द समीक्षेत जवळपास दूषण होऊन बसला. कॉलेजात आम्हाला हा टप्पा एका तासात उरकून शिकवला, जणू मराठी कादंबरीचं ते रांगण्याचं वय होतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. ‘अद्भुत’ हा रस आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय. विस्मय वाटणं बाळबोध कसं काय ठरतं?

खरी अडचण मात्र समीक्षेनं नाही, माझ्या आजीनं दाखवली. आजा कापसाच्या दिवसांत जागलीला, रात्री पिकाच्या राखणीला जायचा. एका रात्री तो धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, निघाला आणि तीन वेळा त्याच विहिरीपाशी येऊन थांबला. विहिरीच्या काठावर फुटकी बादली होती, तीही प्रत्येक वेळी तिथंच. मग त्यानं सदरा काढला, उलटा करून घातला आणि खाली बसून राहिला. फटफटलं तेव्हा कळलं, घर हाकेच्या अंतरावर होतं. आजी हे सांगताना आवाज बारीक करायची नाही, डोळे मोठे करायची नाही. “चकवा लागला होता त्याले,” एवढंच, ताप आला होता म्हणावं तसं. तिच्यासाठी यात अद्भुत काहीच नव्हतं. पुण्यातल्या वाचकासाठी हीच गोष्ट फँटसी. मी लिहितो ते या दोघांच्या मधल्या धुऱ्यावर उभं राहून.

कादंबरीतला नकाशा आईच्या माहेरचा आहे. दर्यापूरकडचा तो भाग खारपाणपट्ट्यात येतो, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेल्या. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मामाच्या घरी त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, म्हणून स्वयंपाकाचं पाणी वेगळं, त्याचा माठ वेगळा, आणि त्या माठात लेकरांनी हात घातला की मामी पाठीत धपका घालायची. गोड पाण्यावर ज्याचा ताबा त्याचं राज्य, ही माझ्या कादंबरीची मांडणी त्या माठातून आली. मला राजवाडा रचावा लागला नाही.

लिहिण्याची वेळ लाइन ठरवते. बागेला पाणी द्यायचं तर थ्री फेज हवी, आणि ती पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मी मोटारीपाशी खाट टाकतो. वाफा भरेपर्यंत वेळ असतो. पूर्वी वही होती, आता फोन. बोलून टाइप करण्याची सोय आली तेव्हा वाटलं काम सोपं होईल, पण मी ‘वावर’ म्हटलं की फोन ‘वापर’ लिहितो, ‘पऱ्हाटी’ म्हटलं की ‘मराठी’. एकेक शब्द बोटानं दुरुस्त करावा लागतो. त्यातून एक फायदा झाला : कोणता शब्द ठेवायचाच आहे, हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. पहिला खर्डा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप करून घेतला होता. बदलून घेताना त्यातली अर्धी जोडाक्षरं फुटली आणि दोन प्रकरणं वहीवरून पुन्हा उतरवावी लागली.

आता म्हातारीकडं येतो.

पहिल्या खर्ड्यात ती चेटकीणच होती. गावाबाहेर झोपडी, औषधाच्या मुळ्या, एका नजरेत गाईचं दूध आटवणारी. शहरातल्या वाचकाला ‘चेटकीण’ म्हणजे लहानपणीच्या पुस्तकातलं चित्र, लांब नाक आणि झाडू. तिथं तो शब्द कुणाला लागत नाही. आमच्याकडं तो शब्द आरोप आहे. ‘जादू करनारी’, ‘करनी केली तिनं’ असं ओसरीवर कुणी म्हटलं, की ऐकणारे मागं वळून बघतात. आमच्याच आळीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. ती समोरून आली की मला हाताला धरून घरात ओढायचे आणि जेवत असलो तर ताटावर पदर टाकायचे. एका पावसाळ्यात आठवड्यात दोन बैल दगावले आणि रात्री तिच्या दारावर दगड पडले. ती माहेरी निघून गेली, परत आली नाही. माझ्या खर्ड्यातली म्हातारी मी तिच्यावरूनच काढली होती, हे मला तिसऱ्यांदा वाचताना उमगलं. तिला मी दिलेली शक्ती म्हणजे गावानं तिच्यावर केलेला आरोप होता, जसाच्या तसा.

त्याच सुमारास कायदा आला. अनेक वर्षं रखडलेलं जादूटोणाविरोधी विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुण्यातल्या हत्येनंतर वटहुकूम म्हणून निघालं आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झालं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. मी अनुसूची वाचली. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावरांचं दूध आटवतो असं पसरवणं, हा गुन्हा तिथं स्पष्ट लिहिलेला आहे. माझं तिसरं प्रकरण त्या ओळीत बसत होतं.

कादंबरीतल्या पात्राला कायदा लागत नाही, हे मला माहीत आहे. मित्रांनीही तेच सांगितलं. एकाचं म्हणणं, असं करत गेलास तर मुंजा, हडळ, आसरा सगळंच काढावं लागेल. त्याचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, पण मला त्यात फरक दिसतो. मुंज्याचं घर पिंपळावर असतं, त्याच्या दारावर दगड पडत नाहीत. चेटकिणीला मात्र पत्ता असतो, राशनकार्ड असतं. मेळघाटात, गडचिरोलीत आजही संशयावरून माणसांना मारहाण होते.

उलट्या टोकालाही मी जाऊन आलो. तिला भूमका करून पाहिलं, मेळघाटात कोरकू गावांतला वैदू-पुजारी असतो तसं. पण भूमक्याचं ज्ञान कोरकूंचं आहे, त्यात झाडपाला आहे तशी लेकरांच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची रीतही आहे. ते सगळं न पेलता नुसतं नाव उचलणं मला जमेना. ‘वैदीण’ म्हटलं तर तिची गूढता गेली. ‘मांत्रिकीण’ कानाला खोटं वाटलं.

‘जाणती’ हा शब्द घरातलाच निघाला. बाळंतपणाला, गाय अडली तर, साप चावला तर, “जानत्या बाईले बोलवा” असं आजी म्हणायची. त्यात भीती नाही आणि देवपणही नाही. नाव बदललं तसं पात्र बदललं. दूध आटवणं गेलं. आता तिला जमिनीखालचं पाणी गोड की खारं ते पायाला कळतं, आणि म्हणूनच राज्य तिच्या मागं लागतं.

संवादांच्या भाषेवरून एका प्रकाशकाशी वाजलं. त्यांना राजानं प्रमाण मराठी आणि पाणक्यांनी वऱ्हाडी बोलावं असं हवं होतं, कारण वऱ्हाडी ‘विनोदाला शोभते’. मी सगळ्यांनाच, राजासकट, ‘मले-तुले’ बोलायला लावलं. पुस्तक दुसरीकडं गेलं.

दुसऱ्या भागाला शेवटी शब्दार्थ जोडावेत असं आता सुचवलं गेलंय. वावर, धुरा, जागली, पऱ्हाटी यांचे अर्थ मी लिहून दिले. ‘जाणती’चा रकाना कोरा ठेवलाय.