शेवंतीचा औषधी वंश आणि आपली वेणी

दसरा जवळ आला की बडोद्यात खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात शेवंती दिसू लागते आणि आपल्या घरांत ती देव्हाऱ्यात, तोरणात नाहीतर वेणीत जाते. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी कमाटी बाग उभारली. अशा बागवेड्या शहरात फुलाकडे शोभा म्हणून पाहिले जाणे स्वाभाविकच. पण शेवंतीची औषधी कहाणी आपल्याला फारशी ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

चीनमध्ये ही फुले वाळवून त्यांचा काढा ताप, डोकेदुखी आणि डोळ्यांची आग यांवर फार पूर्वीपासून देतात. नवव्या चांद्रमासाच्या नवमीला दीर्घायुष्यासाठी शेवंतीची दारू पिण्याची रीतही जुनी आहे. पुढे जपानने तर सोळा पाकळ्यांची शेवंती राजचिन्ह म्हणून स्वीकारली. आज या फुलांत ल्युटिओलिन, क्लोरोजेनिक आम्ल यांसारखी द्रव्ये सापडली आहेत. प्रयोगशाळेत ती दाह कमी करतात, पण माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

शोभेच्या शेवंतीचे भाग्य पालटले ते १९२० साली. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले, की अनेक झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. म्हणूनच आपल्याकडे तिचा खरा बहर पावसाळा सरल्यावर, दिवस आखडू लागले की येतो. हे गुपित कळल्यावर बागाईतदार रात्री दिवे लावून बहर लांबवू लागले, काळे कापड घालून तो लवकर आणू लागले, आणि मोसमी फूल बाराही महिने मिळू लागले.

शेवंतीची कुंडी ठेवली की डास पळतात, असे पुष्कळजण मानतात. तो गुण तिच्या डाल्मेशियातल्या (आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या) बहिणीचा, पायरेथ्रमचा. पूर्वी दोघी एकाच वनस्पती-वंशात (जीनसमध्ये) मोजल्या जात. पायरेथ्रमच्या वाळलेल्या फुलांची पूड कीटकांच्या नसांवर घाला घालते. तिच्यापासूनच १८९० च्या दशकात जपानमध्ये डासांची अगरबत्ती आणि नंतर कॉइल निघाली. आजच्या कॉइलमध्ये बहुधा त्याच धर्तीची कृत्रिम द्रव्ये असतात.

चहा-काढ्यासाठी मात्र बाजारातली हाराची फुले वापरू नयेत. ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते. काढ्याला त्यासाठीच वाळवलेली फुलेच घ्यावीत. रोज शेवंती हाताळणाऱ्यांपैकी काहींच्या हातांना तिच्यातल्या द्रव्यांमुळे पुरळ येते, त्यांनी हातमोजे घालावेत.