फुलपाखरांच्या जातिसीमा आणि जनुकशास्त्र

दिसायला जवळपास सारख्या असलेल्या फुलपाखरांत एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे डीएनएच्या आधारे तपासणारी अभ्यासशाखा. आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने अलग राहिलेला समूह म्हणजे जात, ही जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या तिच्या मुळाशी आहे. ही अलगता डोळ्यांना थेट दिसत नाही. पंखांवरचे रंग आणि ठिपके ही तिची खूण, आणि ती पुष्कळदा फसवी निघते. कोण कोणाशी जुगले याचा माग पिढ्यान्‌पिढ्या राहतो तो जनुकांत.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न बोरीच्या झुडपावरच भेटतो. नान्नजच्या माळरानावर, शेतांच्या बांधांवर आणि बोरांच्या बागांत टॅरुकस प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) पिएरो फुलपाखरे उडतात. पंख मिटून बसलेले पिएरो जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढे असते. पंखांची खालची बाजू पांढरी, तिच्यावर काळ्या रेघा आणि ठिपके, मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी. अळी हिरवी आणि चपटी असते. ती पानाच्या खालच्या बाजूने हिरवा थर खरवडत जाते, त्यामुळे पानावर पांढुरक्या रेघा उमटतात; तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस चाटायला मुंग्या तिच्या सोबत असतात. या प्रजातीच्या भारतात अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बोरीवरच वाढतात. स्ट्राइप्ड पिएरो आणि स्पॉटेड पिएरो यांच्यातला फरक ठिपके कुठे जुळतात आणि कुठे सुटे राहतात एवढ्यावर येतो, आणि एकाच जातीतही ठिपके कमीजास्त होतात. माद्या ओळखणे आणखी अवघड. खात्रीच करायची तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. केवळ छायाचित्रावरून पिएरोला दिलेले नाव म्हणूनच अंदाज समजावा.

रूप आणि जात : रूप दोन्ही बाजूंनी फसवते. पीकॉक पॅन्सी या फुलपाखराची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपे इतकी निराळी आहेत, की स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५८ मध्ये त्यांना आल्माना आणि अॅस्टेरी अशा दोन जाती मानून दोन नावे दिली. कोरड्या ऋतूत पंखांची खालची बाजू वाळलेल्या पानासारखी होते, पावसाळ्यात तिच्यावर डोळ्यांसारखे ठिपके उठतात, जात एकच. परसातल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉर्मनची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याच्या माद्या तीन रूपांत आढळतात : एक नरासारखी, दुसरी विषारी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमसन रोझसारखी. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की मादीच्या या सोंगांचे नियंत्रण ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक करते. एकाच मादीची पिल्ले निरनिराळ्या रूपांची निघू शकतात.

याच्या उलट उदाहरण युरोपातले. लेप्टिडिया प्रजातीतली पांढरी फुलपाखरे दीर्घकाळ एकच जात समजली जात. पुढे जननेंद्रियांवरून तिच्या दोन जाती झाल्या आणि २०११ मध्ये डीएनए व गुणसूत्रांच्या अभ्यासातून त्यांतल्या एकीच्या पोटातून तिसरी जात निघाली.

बारकोड : सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे डीएनए बारकोडिंग. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी ती २००३ मध्ये मांडली. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, त्यांचा डीएनए केंद्रकातल्या डीएनएहून वेगळा असतो. त्यांतील सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जगभरच्या संग्रहाशी ताडायचा. नमुना म्हणून फुलपाखराचा एक पाय पुरतो. तो अल्कोहोलमध्ये ठेवतात, त्यातून डीएनए काढतात आणि पीसीआर या तंत्राने हव्या त्या तुकड्याच्या पुष्कळ प्रती करतात. अंडे, अळी, कोष अशा कोणत्याही अवस्थेवर हे करता येते, हा या पद्धतीचा फार मोठा फायदा. २००४ मध्ये कोस्टा रिकातील अॅस्ट्रॅप्टिस फल्गरेटर या एका ‘जाती’त दहा जाती असल्याचे हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले. प्रौढ फुलपाखरे सारखी दिसत होती, पण अळ्यांचे रंग आणि त्यांची खाद्यवनस्पती वेगवेगळी होती. दोनच वर्षांनी त्याच माहितीची फेरमांडणी करून दहा हा आकडा फुगवलेला असल्याचा आक्षेप घेतला गेला. खाद्यवनस्पतींच्या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या होत्या म्हणूनच हा वाद मुद्द्यावर राहू शकला. नुसत्या अक्षरांच्या यादीवर तो झालाच नसता.

दोन नमुन्यांत दोन-तीन टक्के फरक दिसला की जाती वेगळ्या, हा ठोकताळा सोयीचा आहे, पण त्यावर विसंबणे बरोबर नाही. पिएरो ज्या लायसीनिडी कुळातले आहेत, त्याच कुळातील निळ्या फुलपाखरांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जातीच्या आतला फरक आणि दोन जातींमधला फरक एकमेकांत मिसळलेले आढळले. मध्ये मोकळी फट नव्हतीच. बोरीवरच्या पिएरोंचा निकाल केवळ बारकोडवर लावू नये, याला हे पुरेसे कारण आहे.

दुसरी अडचण वोल्बाकिया या जीवाणूची. तो आईकडून पिलांत उतरतो आणि कीटकांच्या पेशींत राहतो. मायटोकॉन्ड्रियाही आईकडूनच येतात, त्यामुळे हा जीवाणू संकरातून एका जातीतून दुसरीत शिरला आणि फैलावला, तर सोबत पहिल्या जातीचा बारकोडही पसरतो. जपानमध्ये नेमके हेच घडले. तिथली युरेमा हेकॅबी आणि युरेमा मँडरिना ही पिवळी फुलपाखरे केंद्रकातील जनुकांनी स्पष्ट वेगळी आहेत, पण वोल्बाकियामुळे एकीचे मायटोकॉन्ड्रिया दुसरीत गेलेले आहेत. यांतली हेकॅबी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात टाकळ्याभोवती भिरभिरणारी कॉमन ग्रास यलो.

झेड गुणसूत्र : फुलपाखरांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू ही; नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये सांगितलेला नियम इथे लागू पडतो : संकरित पिलांपैकी एकच लिंग वंध्य किंवा दुबळे निघाले, तर ते दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असलेले असते. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले.) फुलपाखरांत म्हणजे संकरित मादीची पुढे वंश चालवण्याची वाट अडते. तिच्यासोबत मायटोकॉन्ड्रियाचीही अडते, आणि वोल्बाकिया आड येत नाही तोवर बारकोड फुलपाखरांत बऱ्यापैकी चालतो तो यामुळे.

या गुणसूत्राचे महत्त्व सर्वांत सुंदर दिसते ते अमेरिकेतल्या लसूणघासाच्या शेतांत. सोलापूरच्या गोठ्यांत पडणारा हा चारा तिथे दोन जाती समोरासमोर आणायला कारण झाला. ऑरेंज सल्फर हे पश्चिमेकडचे फुलपाखरू लसूणघासाच्या लागवडीबरोबर पूर्वेकडे सरकत गेले आणि तिथल्या क्लाउडेड सल्फरला भेटले. दाट शेतांत दोघांचा संकर सर्रास होतो. जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचला तर बहुतेक गुणसूत्रांवर सरमिसळ दिसते. झेडवर मात्र दोघे ठळकपणे वेगळे. ऑरेंज सल्फरच्या नराचे पंख अतिनील प्रकाशात चमकतात आणि त्याची मादी ती चमक पाहून जोडीदार निवडते. क्लाउडेड सल्फरच्या नरात ही चमक ‘ब्रिक-अ-ब्रॅक’ हे जनुक दाबून टाकते, आणि ते जनुक झेडवरच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा अर्थ मोठा आहे : जीनोमचा बराचसा भाग देवाणघेवाणीला खुला असतानाही एक गुणसूत्र सीमा धरून ठेवू शकते.

सोलापुरातील उपयोग : पिएरोंसाठी चांगला अभ्यास म्हणजे एकाच बोरीवरून गोळा केलेले नर, त्यांची जननेंद्रिये, बारकोड आणि केंद्रकातील, विशेषतः झेडवरील, जनुके एकत्र ठेवणे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. बांधावरच्या बोरी मात्र शेतकऱ्याला विचारून पाहता येतात.

डाळिंबाच्या बाबतीत तर जातिसीमा थेट पैशाशी जोडलेली आहे. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही शहरालगत केगावला आहे. फळ पोखरून दाणे खाणारी सुरसा ही विराचोला आयसोक्रेटीस या फुलपाखराची अळी. हिमालयाच्या पायथ्याकडील डाळिंबांना तिची जवळची नातलग ड्यूडोरिक्स एपिजारबस हीदेखील लागते. फळात शिरलेली अळी कोणत्या जातीची, हे बारकोड अळीच्या तुकड्यावरून सांगतो. फुलपाखरू बाहेर पडण्याची वाट पाहावी लागत नाही. सुरसा पेरूच्या फळात आणि चिंचेतही वाढते. या तिन्ही झाडांवरच्या अळ्यांची केंद्रकातील जनुके एकाच साठ्यातली, म्हणजे आपसांत प्रजनन करणाऱ्या एकाच समूहातली, निघाली, तर बागेच्या बांधावरची चिंच डाळिंबाला कीड पुरवणारी ठरते आणि फवारणीबरोबर चिंचेखाली पडलेल्या पोखरलेल्या शेंगा वेचून नष्ट करणेही गरजेचे होते. साठे वेगळे निघाले, तर चिंचेकडे लक्ष देण्याचे कारण उरत नाही आणि सगळा भर बागेतल्या फळांवर ठेवता येतो.